कर्नेलच्या वॉर्निंग्जचा माग काढताना

आमच्या उपकरणात ३२-बिट आर्म प्रोसेसर आहे. कारखान्यातल्या यंत्रांचे तापमान, दाब आणि कंपने नोंदवून ठेवणे एवढेच त्याचे काम. पण त्यावर चालणाऱ्या लिनक्स कर्नेलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात) चिपसोबत आलेले आणि नंतर वेगवेगळ्या हातांनी वाढवत नेलेले असे बरेच ड्रायव्हर (हार्डवेअर हाताळणारा कोड) आहेत, जे मूळ कर्नेलमध्ये कधीच गेले नाहीत. डिसेंबर २०२० मधल्या ५.१० या आवृत्तीवरून नोव्हेंबर २०२४ मधल्या ६.१२ वर जायचे ठरले. त्याच वेळी कंपायलरही (लिहिलेल्या कोडचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम) जीसीसी ९ वरून जीसीसी १४ वर न्यायचा होता. पहिल्याच पूर्ण बिल्डमध्ये, म्हणजे बांधणीत, वॉर्निंग्जचा (कंपायलरच्या इशाऱ्यांचा) असा लोंढा आला की त्यांत काय म्हटले आहे ते टर्मिनलवर वाचणेही अशक्य झाले. त्या निपटण्याचे काम माझ्याकडे होते.

आधी एरर, म्हणजे बिल्डच थांबवणाऱ्या चुका, दूर करणे भाग होते, आणि ते तुलनेने सोपे होते. ६.४ मध्ये ‘क्लास_क्रिएट’ या फंक्शनचा एक आर्ग्युमेंट (फंक्शनला दिले जाणारे मूल्य) काढून टाकला गेला, ६.११ मध्ये प्लॅटफॉर्म ड्रायव्हरच्या ‘रिमूव्ह’ फंक्शनने काहीही परत करायचे नाही असे ठरले. त्यानुसार आमचे ड्रायव्हर बदलले. दुसऱ्या बदलामागचे कारण मला पटण्यासारखे वाटते. ‘रिमूव्ह’ने चूक कळवली तरी कर्नेल ती मनावर घेत नसे, डिव्हाइस काढून टाकला जायचाच, आणि अर्ध्यातून परत फिरलेल्या ड्रायव्हरने घेतलेली मेमरी तशीच अडकून राहायची. असे बदल करायला फारसा विचार लागत नाही, कारण काय करायचे ते कंपायलर थेट सांगतो. वॉर्निंगचे तसे नसते.

लॉग वाचण्याजोगा करणे हे पहिले खरे काम होते. अनेक कोअरवर एकाच वेळी बिल्ड चालू असताना दोन फाइलींचे संदेश एकमेकांत मिसळतात, म्हणून बिल्ड चालवणाऱ्या ‘मेक’ या साधनाला प्रत्येक फाइलचे आउटपुट एकत्र राखायला सांगितले, बिल्ड शांतपणे चालवला आणि फक्त एररचा प्रवाह वेगळ्या फाइलमध्ये घेतला. एखाद्या हेडर फाइलमध्ये (अनेक फाइलींना लागणाऱ्या सामायिक घोषणांच्या फाइलमध्ये) दोष असेल, तर ती वापरणाऱ्या प्रत्येक फाइलसाठी तीच वॉर्निंग पुन्हा छापली जाते. त्यामुळे ओळी मोजून कामाचा अंदाज बांधण्यात अर्थ नसतो. फाइलचे नाव, ओळीचा क्रमांक आणि वॉर्निंगचा प्रकार एवढेच ठेवून पुनरावृत्ती काढली, तेव्हा लोंढा बराच ओसरला. आणखी एक गोष्ट नव्या माणसाला हमखास चकवते. दुसऱ्यांदा मेक चालवले की वॉर्निंग्ज ‘गेलेल्या’ दिसतात, पण बदल न झालेली फाइल पुन्हा कंपाइलच झालेली नसते. म्हणून प्रत्येक वेळी वेगळ्या, रिकाम्या बिल्ड डिरेक्टरीत पूर्ण बांधणी करायची आणि तिचा लॉग तारखेनिशी जपायचा, असा नियम ठेवला.

कर्नेल आणि कंपायलर एकदम बदलल्यामुळे कोणती वॉर्निंग कोणामुळे आली हे कळत नव्हते. म्हणून दोन्ही बदल सुटे केले. जुना कर्नेल नव्या कंपायलरने बांधला, नवा कर्नेल जुन्या कंपायलरने बांधला आणि चारही लॉग शेजारी ठेवले. अशा वेळी बरेच जण लगेच गिट बायसेक्टकडे, म्हणजे दोष कोणत्या बदलात शिरला ते अर्धे-अर्धे करत शोधणाऱ्या साधनाकडे, वळतात. ते साधन उत्तम आहे, ५.१० आणि ६.१२ यांच्यामध्ये लाखो कमिट (नोंदवलेले बदल) असले तरी अठरा-एकोणीस पायऱ्यांत ते नेमक्या कमिटपर्यंत पोहोचवते. पण वॉर्निंगच्या बाबतीत ते पुष्कळदा ज्या कमिटकडे बोट दाखवते, त्यात फक्त मेकफाइलमधला (बिल्डच्या सूचनांच्या फाइलमधला) एक फ्लॅग, म्हणजे कंपायलरला द्यायचा पर्याय, चालू केलेला असतो. म्हणून मी आधी दोन्ही आवृत्त्यांत एकच फाइल ‘व्ही=१’ देऊन कंपाइल करतो, जेणेकरून कंपायलरला दिलेली संपूर्ण आज्ञा छापली जाते, आणि त्या दोन आज्ञा शब्दागणिक ताडून पाहतो. या वेळी दिसलेला सर्वांत मोठा फरक ‘मिसिंग प्रोटोटाइप्स’ या फ्लॅगचा होता. पूर्वी तो ‘डब्ल्यू=१’ मागितल्यावरच लागायचा; ६.८ पासून तो सर्वांसाठी चालू झाला. जुन्या कर्नेलमध्ये ‘डब्ल्यू=१’ देऊन आमची डिरेक्टरी बांधली तर याच वॉर्निंग्ज तिथेही निमूटपणे उभ्या होत्या. दोष वर्षानुवर्षांचे होते, फक्त कोणी विचारले नव्हते.

ज्यांना ‘डब्ल्यू’चे हे स्तर माहीत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कर्नेलच्या बिल्डमध्ये जादा वॉर्निंग्जचे तीन स्तर आहेत. ‘डब्ल्यू=१’ मध्ये उपयोगी पडतील आणि फार वेळा येणार नाहीत अशा, ‘डब्ल्यू=२’ मध्ये वारंवार येणाऱ्या पण कधीकधी कामाच्या, आणि ‘डब्ल्यू=३’ मध्ये बहुतेक दुर्लक्ष करण्याजोग्या. संपूर्ण कर्नेल ‘डब्ल्यू=२’ ने बांधणे म्हणजे वेळ घालवणे; आपल्या एका डिरेक्टरीपुरता तो स्तर लावता येतो, आणि मी तसाच लावला.

‘मिसिंग प्रोटोटाइप्स’च्या वॉर्निंगचे म्हणणे साधे असते. हे फंक्शन बाहेरच्या फाइलींना दिसेल असे लिहिले आहे, पण त्याची घोषणा मला कुठेच दिसली नाही. बहुतेक ठिकाणी उत्तरही साधे होते. फंक्शन त्याच फाइलमध्ये वापरले जात होते आणि ‘स्टॅटिक’ (फक्त याच फाइलपुरते) असे लिहायचे राहून गेले होते. ते लिहिल्यावर दोन-तीन फंक्शने तर कुठेच वापरात नाहीत असे कंपायलरने पुढच्याच बिल्डमध्ये सांगितले आणि ती काढून टाकता आली. एका फाइलने मात्र मला बराच वेळ धरून ठेवले, आणि या सगळ्या खटाटोपातली सर्वांत मोलाची गोष्ट तिथेच सापडली.

फ्लॅश मेमरीतल्या राखीव भागातून मागच्या वेळी उपकरण का कोसळले त्याची नोंद वाचणारे ते फंक्शन होते. त्याची व्याख्या एका फाइलमध्ये आणि वापर दुसऱ्या फाइलमध्ये. वापरणाऱ्या फाइलीने हेडर न घेता वरच्या बाजूला ‘एक्स्टर्न’ लिहून स्वतःच घोषणा केली होती. त्या घोषणेत आर्ग्युमेंट असे होते: डिव्हाइसचा पॉइंटर (मेमरीतला पत्ता), ३२-बिट ऑफसेट (कुठून वाचायचे ते अंतर), लांबी आणि बफरचा पॉइंटर. मूळ फंक्शनमध्ये मात्र मधल्या काळात कोणीतरी ऑफसेट ६४-बिटचा केला होता. कंपायलर एका वेळी एकच फाइल पाहतो, त्यामुळे ही विसंगती त्याला दिसत नाही. आणि सी भाषेत लिंकर (कंपाइल झालेल्या फाइली जोडणारा प्रोग्रॅम) फक्त नावे जुळवतो, प्रकार तपासत नाही. घोषणा हेडर फाइलमध्ये हलवून ती दोन्ही फाइलींत घेतली, तेव्हा वापरणाऱ्या बाजूचा गोंधळ उघडा पडला.

याचा प्रत्यक्ष परिणाम काय होत होता, हे पाहण्यासाठी दोन्ही फाइलींचे असेंब्ली (कंपायलरने तयार केलेल्या प्रोसेसरच्या आज्ञा) उघडले. ३२-बिट आर्मवर पहिले चार आर्ग्युमेंट आर०, आर१, आर२, आर३ या रजिस्टरांतून (प्रोसेसरमधल्या छोट्या साठवणीच्या जागांतून) जातात; पण ६४-बिटचा आर्ग्युमेंट सम क्रमांकापासून सुरू होणाऱ्या जोडीतच ठेवायचा असा नियम आहे. बोलावणारा भाग ऑफसेट आर१ मध्ये, लांबी आर२ मध्ये आणि बफरचा पत्ता आर३ मध्ये ठेवत होता. ज्याला बोलावले ते फंक्शन आर१ कडे बघतही नव्हते. आर२ आणि आर३ मिळून एक ६४-बिट ऑफसेट समजत होते. म्हणजे ऑफसेटच्या खालच्या अर्ध्यात लांबी आणि वरच्या अर्ध्यात बफरचा पत्ता. आमच्या मांडणीत कर्नेलचे पत्ते (सोळांच्या पायात) सी०००००००च्या वर असल्याने ही संख्या चिन्हासह वाचल्यावर नेहमीच ऋण निघायची, फंक्शनच्या सुरुवातीची तपासणी ‘चुकीचा आर्ग्युमेंट’ म्हणून परत फिरायची, आणि बोलावणारा कोड त्या उत्तराचा अर्थ ‘जुनी नोंद नाही’ असा लावायचा. कारखान्यातून परत आलेल्या उपकरणांत कोसळण्याची नोंद कधीच का मिळत नाही, या जुन्या प्रश्नाचे उत्तर असे एका साध्या वॉर्निंगच्या टोकाला निघाले.

हे आधी लक्षात का आले नाही, तेही असेंब्लीतच दिसते. हा कोड ज्या बोर्डावर लिहिला आणि तपासला गेला तो ६४-बिट आर्मचा होता. तिथे प्रत्येक आर्ग्युमेंटला एक पूर्ण ६४-बिट रजिस्टर मिळते, ३२-बिटचा ऑफसेट रजिस्टरात ठेवताना वरचा अर्धा भाग सहसा शून्यच होतो, आणि घोषणा चुकीची असूनही सगळे सुरळीत चालते.

छपाईच्या वॉर्निंग्जकडे लोक सर्वांत हलक्याने पाहतात, म्हणून त्यांतली एक जवळून दाखवतो. डीएमएसाठी, म्हणजे डिव्हाइसने थेट मेमरी वापरण्यासाठी, घेतलेल्या बफरचा पत्ता आणि लांबी लॉगच्या एका ओळीत छापणारा ‘डेव्ह_इन्फो’ होता. फॉरमॅट ‘%एलएलएक्स’, म्हणजे ६४-बिट; पण आमच्या कॉन्फिगरेशनमध्ये ‘डीएमए_ॲडर_टी’ हा प्रकार ३२-बिटचा. छापणाऱ्या फंक्शनला डिव्हाइस आर० मधून आणि फॉरमॅट आर१ मधून मिळतो, त्यामुळे पत्ता आर२ मध्ये आणि लांबी आर३ मध्ये जाते. ६४-बिट वाचणारा फॉरमॅट दोन्ही एकदम गिळतो. पत्ता सोळांच्या पायात ८८४००००० आणि लांबी १००० असेल, तर लॉगमध्ये १०००८८४००००० असा एक अगडबंब पत्ता दिसतो, आणि पुढे लांबीच्या जागी स्टॅकवर (फंक्शनांच्या तात्पुरत्या मेमरीत) जे काही पडलेले असेल ते छापले जाते. ही ओळ आमच्याकडे अनेकांनी पाहिली होती आणि ‘व्हर्च्युअल पत्ता असेल’ म्हणून सोडून दिली होती.

अशा वॉर्निंगवर हमखास सुचवला जाणारा उपाय म्हणजे कास्ट, मूल्याचा प्रकार सक्तीने बदलणे. दुसऱ्या एका ड्रायव्हरमध्ये पूर्वी कोणीतरी पत्ता ३२-बिटमध्ये कास्ट करून वॉर्निंग घालवलेली होती. मोठ्या पत्त्यांची सोय असलेल्या कॉन्फिगरेशनमध्ये तिथे वरचे बिट मुकाट्याने कापले गेले असते. ६४-बिटमध्ये कास्ट करणे बरोबर आहे, पण कर्नेलने याच अडचणीसाठी ‘%पीएडी’ हा फॉरमॅट दिला आहे. त्याला मूल्याऐवजी मूल्याचा पत्ता द्यायचा असतो, त्यामुळे तो प्रकार त्या कर्नेलमध्ये जितका रुंद असेल तितकाच वाचला जातो. ‘साइझ_टी’साठी ‘%झेडयू’ आहेच. आमचे ड्रायव्हर ६४-बिट आर्म आणि इंटेलसाठीही नुसते कंपाइल करून पाहिले, तेव्हा अशा आणखी ओळी बाहेर आल्या. उपकरण त्या प्रोसेसरवर कधीच चालणार नसले, तरी दुसऱ्या रुंदीच्या मशीनसाठी कंपाइल करणे ही सर्वांत स्वस्त तपासणी आहे असे माझे मत झाले आहे.

सेक्शन मिसमॅचची वॉर्निंग कंपायलर देत नाही. बिल्डच्या शेवटी मॉडपोस्ट हा प्रोग्रॅम ती देतो. कर्नेल सुरू होतानाच लागणारी फंक्शने ‘इनिट’ अशी खूण करून वेगळ्या सेक्शनमध्ये ठेवतात, आणि सुरुवात आटोपली की ती मेमरी मोकळी केली जाते. आमच्या एका सेन्सरच्या ‘प्रोब’मधून (ड्रायव्हर डिव्हाइसचा ताबा घेतो त्या फंक्शनमधून) अशा खुणेच्या फंक्शनला बोलावले जात होते. जुन्या कंपायलरने कधीच तक्रार केली नव्हती, कारण एकाच ठिकाणाहून बोलावले जाणारे ते लहान फंक्शन तो थेट ‘प्रोब’मध्येच मिसळून टाकत होता, आणि मिसळलेल्या कोडला वेगळा सेक्शन राहत नाही. नव्या कंपायलरने ते वेगळे ठेवले, म्हणून दोष दिसला. बैठकीत एकाने ‘रेफ’ ही खूण लावून मॉडपोस्टला गप्प करण्याचा मार्ग सुचवला. ती खूण जिथे लेखकाला खात्री असते तिथे वाजवी आहे, इथे ती घातक ठरली असती. आमच्या सेन्सरला वीज पुरवणारा रेग्युलेटर मॉड्यूल म्हणून नंतर लोड होतो, तोपर्यंत ‘प्रोब’ पुढे ढकलला जातो, आणि तो पुन्हा चालतो तेव्हा ‘इनिट’ची मेमरी केव्हाच सोडून दिलेली असते. ३२-बिट आर्मवर कर्नेल ती जागा सोडताना तिथे मुद्दाम अवैध इन्स्ट्रक्शन भरून ठेवतो, तेव्हा उपकरण सुरू होताच कोसळले असते. त्या फंक्शनवरची ‘इनिट’ची खूण काढणे एवढाच एका शब्दाचा पॅच पुरला.

‘कदाचित सुरुवातीचे मूल्य दिलेले नाही’ या वॉर्निंगबद्दल माझे मत जरा बदलले. खोट्या इशाऱ्यांना कंटाळून लिनस टोरवाल्ड्स यांनी २०२० मध्ये, जीसीसी १० वर गेल्यानंतर, ती सर्वसाधारण बिल्डमधून बंद केली. आणि सबंध कर्नेलच्या दृष्टीने तो निर्णय योग्यच होता. पण आपल्या थोड्याशा कोडवर ती चालू करून एकदा वाचावी. आमच्याकडे निघालेल्या बहुतेक खोट्याच होत्या. एक खरी होती. तापमान वाचणारे छोटे स्टॅटिक फंक्शन बसवर चूक झाल्यास आउटपुटमध्ये काहीही न लिहिता परत फिरत होते, आणि बोलावणारा त्याचे उत्तर तपासतच नव्हता. म्हणजे स्टॅकवरची कोणतीही शिळी संख्या तापमान म्हणून नोंदली गेली असती. व्हेरिएबलला सुरुवातीला शून्य दिले की वॉर्निंग जाते, आणि तसा पॅच एकाने तयारही केला होता. शीतगृहात बसवलेल्या उपकरणात शून्य अंश ही अगदी विश्वसनीय नोंद असते! परत आलेला एरर तपासून त्या क्षणाची नोंद वगळणे हाच उपाय होता, आणि मग वॉर्निंग आपोआप गेली. शून्य देऊन ठेवले असते तर पुढे त्याच फंक्शनमध्ये झालेली खरी चूकही कंपायलरने कधी दाखवली नसती.

स्टॅकच्या आकाराच्या वॉर्निंगचे दोन-चार ठिकाणी निवारण करावे लागले. ३२-बिटवर एका फंक्शनची फ्रेम (त्याने स्टॅकवर घेतलेली जागा) १०२४ बाइटपेक्षा मोठी झाली की कर्नेल बोलतो, ६४-बिटवर ही मर्यादा २०४८ आहे. आणि ३२-बिट आर्मवर एका टास्कचा कर्नेल स्टॅक एकूण ८ किलोबाइटचाच असतो. मर्यादा वाढवणारे सेटिंग आहे, त्याला हात लावला नाही. स्टॅकवरचे मोठे बफर डिव्हाइसच्या रचनेत हलवले.

आमचे कॉन्फिगरेशन एकच असल्याने त्याबाहेर काय दडले आहे ते कळत नव्हते. मूळ कर्नेलसाठी इंटेलचा कर्नेल टेस्ट रोबोट हे काम करतो. येणारे पॅच तो नाना कॉन्फिगरेशनांत बांधतो आणि वॉर्निंगसोबत ती पुन्हा आणण्याची कृतीही कळवतो. बाहेर राहिलेल्या ड्रायव्हरना ती सेवा मिळत नाही, म्हणून रात्रभर रँडकॉन्फिग (यादृच्छिकपणे निवडलेली कॉन्फिगरेशन) चालवणारी एक लहान स्क्रिप्ट लिहिली आणि प्रत्येक वेळचे बीज लॉगमध्ये टिपले, म्हणजे सकाळी तेच कॉन्फिगरेशन जसेच्या तसे उभे करता येते. पॉवर मॅनेजमेंट बंद असताना ‘सस्पेंड’ आणि ‘रिझ्यूम’ ही फंक्शने वापराविना राहतात, अशा वॉर्निंग्ज त्यातून पुष्कळ निघाल्या. जुने उत्तर ‘इफडेफ’चे (ठरावीक सेटिंग असेल तरच कोड कंपायलरला दाखवणारे) कुंपण, त्या कुंपणातला कोड कंपायलरच्या नजरेआड सडत जातो. ५.१७ पासून त्यासाठी नीट मॅक्रो आले आहेत, ज्यांत कंपायलर फंक्शने पाहतो, तपासतो आणि गरज नसेल तेव्हा स्वतःच टाकून देतो. सगळे ड्रायव्हर त्या पद्धतीवर नेले.

शेवटचा प्रश्न ‘व्हेरर’चा, म्हणजे प्रत्येक वॉर्निंग हीच एरर मानण्याचा, होता. कर्नेलमध्ये हे सेटिंग सप्टेंबर २०२१ मध्ये आले. आरंभी ते सर्वांसाठीच चालू होते, पण वेगवेगळ्या कंपायलरांवर लोकांचे बिल्ड अडू लागले तेव्हा काही दिवसांतच ते फक्त तपासणीसाठी केलेल्या बिल्डपुरते आपोआप चालू राहील असे केले गेले. आम्हीही तीच विभागणी ठेवली. बिल्ड सर्व्हरवर कंपायलरची आवृत्ती पक्की बांधलेली आहे, तिथे ‘व्हेरर’ चालू आहे आणि वॉर्निंग असलेला पॅच आत येत नाही. विकसकाच्या स्वतःच्या मशीनवर ते बंद आहे. कंपायलर पुढच्या आवृत्तीवर नेताना सर्व्हरवरचे ‘व्हेरर’ तात्पुरते काढायचे, जुन्या-नव्या कंपायलरचे लॉग ताडायचे, नव्याने आलेल्या प्रत्येक ओळीला कोणीतरी नावानिशी जबाबदार ठरवायचा, आणि त्या संपल्यावरच ते पुन्हा चालू करायचे, असे ठरले आहे.